गार हाताचे पैसे

आमच्यात सोनं शब्दावर देतात. माणूस खिशातनं सोन्याची लगड काढतो, गलाईवाल्याच्या हातावर ठेवतो आणि समोरच्या हॉटेलात चहाला निघून जातो, हे मी कोइमतुरात माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पावती मागायची नाही. मागितली तर तोंडावर चोर म्हटल्यासारखं होतं.

गलाई म्हणजे सोनं आटवायचा धंदा. मोडीचा दागिना आणा, सराफाच्या दुकानातला झाडून काढलेला कचरा आणा, आमचा माणूस ते मुशीत घालून भट्टीवर आटवतो, तेजाबात धुतो आणि चोख सोनं काढून देतो. विट्याच्या आसपासची गावंच्या गावं या धंद्यावर उभी आहेत. हिंदुस्थानातल्या कुठल्याही सराफकट्ट्याच्या मागच्या बोळात जा, तेजाबाचा वास आला की समजायचं, आत आपल्याकडचाच कोणीतरी बसलाय. शेवटी सोन्याचा टंच काढतात, म्हणजे त्यात चोख किती आणि भेसळ किती ते बघतात. टंच निघाला की वाद संपला. पुढं कोणी बोलायचं नाही. आमचे मालक, म्हणजे पोराचे वडील, हे वाक्य भाकरी मोडावी तितक्या सहज म्हणायचे, आणि मीही पोराला तेच शिकवलं.

पोरगा एकच, धैर्यशील. तो बापाची भट्टी सोडून जर्मनीला गेला. फोर्झाइम म्हणून तिकडं दागिन्यांच्या धंद्याचं गाव आहे. आधी एका कारखान्यात राबला, मग स्वतःची छोटी भट्टी टाकली. बायको उज्वला इथं माझ्याजवळ. झेडपीच्या शाळेत शिकवते. अकरा वर्षांत तिनं माझ्या तोंडाला तोंड दिलं नाही, आणि गावात असं सांगता येईल अशी ती एकटीच. मला आक्का म्हणतात ते प्रेमानं म्हणतात असं नाही. माझी जीभ लांब आहे. ती मला माहीत आहे आणि माझ्या जिभेलाही माहीत आहे.

आता पैशाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा मालक कोइमतुरातनं मनीऑर्डर करायचे. पोस्टमन ओसरीवर बसून नोटा द्यायचा, मी सही करायचे. चौथी शिकले होते म्हणून सही, नाहीतर बाकीच्या बायका अंगठा. पुढं ड्राफ्ट आले, मग बँकेचे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले गेले, मग फोन आला. चहाच्या गाड्यावरसुद्धा ते ठिपक्यांचं चौकोनी चित्र लागलं. फोन त्याच्यासमोर धरला की पैसे गेले. गेले म्हणजे गेले. आपल्याकडं पैसा डोळ्याची पापणी लवायच्या आत जातो आणि गेलेला परत येत नाही.

मला वाटायचं सगळ्या जगात असंच असेल. उज्वलानं सांगितलं, नाही आत्याबाई. अमेरिका एवढी पुढारलेली, पण तिथली माणसं आत्ताआत्तापर्यंत चेकावर सही करून तो पाकिटात घालून टपालात टाकायची. आफ्रिकेत केनिया म्हणून देश आहे, तिथं ज्यांनी बँकेचं दार बघितलं नव्हतं त्यांनी आपल्या कितीतरी आधी साध्या बटणाच्या फोनवरनं पैसे पाठवले, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडनं. जपानात यंत्रं काय वाटेल ती, पण नोट कोरी करकरीत पाकिटात घालून द्यायची रीत सुटली नाही. आणि जर्मनीत घरमालकानं, वीजवाल्यानं तुमच्या खात्यातनं पैसे ओढले आणि तुम्हाला पटलं नाही, तर आठ आठवडे ते परत मागायची मुभा. कारण सांगायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं परत द्या म्हणायचं.

"मग भांडायचं काय सुख राहिलं?" मी म्हटलं.

हे निरनिराळे पैसे एकमेकांना जोडायचे ठरले तेव्हा देशादेशांत बरीच वर्षं घासाघीस झाली. आपण म्हणायचो आम्ही थांबणार नाही, ते म्हणायचे परत मागायची सोय नसेल तर आम्ही घेणार नाही. शेवटी दोघांचं ठेवलं. पैसे आपल्यासारखे क्षणात पोचणार, पण देणाऱ्याला आठ आठवडे परत घेता येणार.

आणि तिसरी अट म्हणजे हे मनगटातलं कडं.

त्याचं कारण भामटे. म्हाताऱ्या माणसाला फोन यायचा, हुबेहूब पोराच्या आवाजात. आई, मला धरलंय, पैसे पाठव. किंवा कोणीतरी पोलिसाच्या कपड्यात फोनच्या काचेवर बसून दम द्यायचा. माणूस भ्यायचा आणि जन्माची पुंजी एका बोटानं पाठवून द्यायचा. पिन बरोबर, अंगठा बरोबर, चेहरा बरोबर. बँक म्हणायची, तुम्हीच दिले की. तेव्हा शास्त्रज्ञांनी डोकं लढवलं: माणूस तोच आहे का हे बघून उपयोग नाही, तो राजीखुशीनं देतोय का हे बघा.

कडं मनगटात बसतं. आतनं हिरवा उजेड कातडीत जातो. रक्त भरलं की उजेड कमी परततो, ओसरलं की जास्त. त्यावरनं काळजाचा ठोका कळतो. निवांत माणसाचे ठोके सारख्या अंतरानं पडत नाहीत, थोडे मागंपुढं होतात. जीव ताणला की ते घड्याळासारखे एकसारखे पडायला लागतात. पण जीव रागानंही ताणतो आणि भीतीनंही. मग फरक कसा ओळखायचा? हातावरनं. राग आला की रक्त हाताकडं धावतं, हात तापतो. भीती वाटली की रक्त आत पळतं, हात गार पडतो. वर आवाज असतोच. एवढं सगळं एकत्र करून कडं ठरवतं. आणि ते तुम्हाला जगाशी ताडून बघत नाही, तुमच्याशीच ताडून बघतं. घातल्यापासून पहिला महिना ते गप्प बसून तुम्हाला शिकतं. त्याला पाया म्हणतात. पुढं मोठी रक्कम द्यायची असली, गावात असो की परदेशात, त्या वेळी तुम्ही तुमच्या नेहमीच्या पायावर आहात का तेवढं बघतं. असलात तर हिरवं, नसलात तर लाल.

आता माझं नशीब बघा. मला कडं मिळालं ते चैत्रात, यात्रेच्या तोंडावर. आमच्या गावची यात्रा म्हणजे कोइमतूर, कोचीन, कानपूर, कुठनं कुठनं गलाईवाले घरी येतात. घरात पाय ठेवायला जागा नाही. तो महिनाभर मी कोणाला बोलले नाही ते विचारा. जावांना बोलले, भाच्यांना बोलले, आचाऱ्याला, गुरवाला, गॅसवाल्याला. दुसऱ्यांदा आंघोळीचं पाणी मागणाऱ्या नणंदेच्या नवऱ्यालाही सोडलं नाही. कडं मनगटावर बसून शिकत होतं. त्यानं पाया धरला: हात तापलेला, आवाज चढलेला. ही बाई म्हणजे अशी.

हे कळलं मंडपवाल्याचे पैसे देताना. सर्जेराव मंडपवाले यात्रेनंतर हिशेबाला आले. त्या दिवशी मी तृप्त होते, सगळं छान पार पडलं होतं. मी गोड आवाजात म्हटलं, "घ्या सर्जेराव, देवाच्या कृपेनं सगळं नीट झालं."

कडं लाल.

परत केलं. परत लाल. काचेवर अक्षरं आली, देणारी व्यक्ती नेहमीच्या स्थितीत नाही. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर माझं डोकं फिरलं. म्हटलं, "एक तर मंडपाला तुमच्या भोकं, पंगतीत पाव्हण्याच्या ताटात चिमणी येऊन बसली, आणि वर पैसे घ्यायला यात्रेचा गुलाल धुवायच्या आत दारात. लाज आहे का?"

टिंग. हिरवं.

सर्जेरावांनी फोन बघितला. पावती दोन्हीकडं जाते. "दबाव नाही," त्यांनी वाचलं, "मनःस्थिती नेहमीची. स्वखुशीने. आक्का, एवढ्या शिव्या आणि वर स्वखुशीनं?"

"चिमणीचे पैसे कापले नाहीत ही खुशीच समजा."

गावभर झालं. आक्का शिव्या दिल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. उज्वला म्हणाली, बँकेत सांगून पाया बदलून घेऊ, महिनाभर लागतो. मी म्हटलं, मास्तरीणबाई, माझा पाया माझ्या आईनं घातलाय, तो बँक कशी बदलेल? खरं सांगायचं तर मला त्यात गंमत वाटत होती. आतापर्यंत लोक म्हणायचे आक्का तोंडाळ आहे. आता सरकारी पावतीवर येत होतं, आक्का खरी आहे.

श्रावणात धैर्यशीलला पकडलं.

फोन त्याच्या वकीलबाईचा आला. उज्वलानं इंग्रजीतनं बोलून घेतलं, आणि बोलता बोलता ती खाली बसली. झालं होतं ते असं. ओळखीच्या एका माणसानं, दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्या, याच्या हातावर सोनं ठेवलं आणि आटवून दे म्हणाला. तिकडं कायदा आहे, सोनं कुठनं आलं त्याचा कागद घ्यायचा. आमच्या पोरानं कागद मागितला नाही. माणूस ओळखीचा, मागणार कसा. आटवून दिलं. ते सोनं चोरीचं निघालं. माणूस पळाला आणि पोलीस भट्टीवर आले.

वकीलबाई म्हणाल्या, शुक्रवारी दुपारी बारा वाजायच्या आत जामिनाची रक्कम कोर्टात जमा झाली तर तो बाहेर राहून खटला लढेल. नाही झाली तर आत. आत गेला की भट्टीचा परवाना गेला, राहायचा परवाना गेला, आणि खटला उभा राहायला किती महिने लागतील ते त्या सांगू शकत नव्हत्या.

रक्कम माझ्याकडं होती. सगळं माझ्याच नावावर होतं. मालक गेल्यावर कोणाचं नाव शेजारी लावू दिलं नव्हतं मी. उज्वलाच्या पगाराच्या खात्यातनं एवढी रक्कम परदेशी जाणं नियमात बसत नव्हतं.

शुक्रवारी सकाळीच आम्ही विट्याला बँकेत जाऊन बसलो. तिकडचे बारा म्हणजे आपले साडेतीन. पाटणकर मॅडम म्हणून मॅनेजर, समजूतदार बाई. त्यांनी सगळं भरून तयार ठेवलं. मी कड्यासमोर म्हटलं, "द्या."

लाल.

"आक्का, जरा नेहमीसारखं बोला," मॅडम म्हणाल्या. गावची कीर्ती त्यांच्यापर्यंत पोचली होती.

मी नेहमीसारखं बोलायला तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. कोणाला बोलू? पोरगं त्या परक्या मुलखात कोठडीत. जेवायला काय दिलं असेल, अंगावर काय घातलं असेल. माझा आवाजच निघेना. मॅडमनी माझा हात हातात घेतला आणि लगेच सोडला. बर्फ, म्हणाल्या.

"हे कडं काढा आणि अंगठा घ्या," मी म्हटलं. "मनीऑर्डरला घ्यायचे तसा."

"अंगठ्याचे दिवस गेले, आक्का. यंत्राला वाटतंय तुमच्यावर कोणीतरी दडपण आणलंय. घाबरवलेल्या माणसाचं अस्संच होतं. हात गार, आवाज खोल. ते तुम्हालाच वाचवतंय."

"मला वाचवून काय करणार आहे ते?"

त्यांनी वरच्या ऑफिसात फोन लावला. तिथल्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि सांगितलं, पोरगा अटकेत आहे म्हणून आई पैसे पाठवतेय, भामट्यांची गोष्ट नेमकी हीच असते. आता काय बोलायचं?

दोन वाजले. गरम पाण्यात हात बुडवून झाला. कडं फसलं नाही, नुसत्या हातावर ते जात नाही. चहा प्याले, जिना चढले-उतरले. लाल. मग मी उज्वलाला म्हटलं, "तू बोल. मला राग येईल असं बोल."

"मी काय बोलू, आत्याबाई?"

"अकरा वर्षं साठवलंस ते."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुम्ही आमटीत मीठ जास्त घालता."

"ही शिवी झाली? नवरा तुरुंगात चाललाय तुझा."

"तुम्ही माझ्या माहेरच्यांना भिकारडे म्हणता."

"आहेतच. पुढं."

तेव्हा तिनं पदर सोडला. माझ्याकडं बघितलं, म्हणजे खरंच बघितलं. म्हणाली, "दोनदा माझा व्हिसा आला होता. दोनदा तुम्ही आजारी पडलात. पहिल्यांदा मला मूल होईल अशी आशा होती. दुसऱ्यांदा ती पण नव्हती. तुम्ही नुसतं माझं पाणी तोडलंत, आत्याबाई, आणि वर म्हणत राहिलात झाड वाढत नाही."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. मी वाट बघितली, आता भडका उडेल. एकदा तरी मी खरंच आजारी होते, हे म्हणायचं होतं. पण हात जास्तच गार पडला. कड्यावर लाल अक्षरं होती ती तशीच.

"नाही येत राग," मी म्हटलं. "खऱ्याचा येत नाही मला. खोट्याचा येतो."

उज्वला भिंतीला टेकली आणि रडायला लागली. आवाज न करता. तिची रडायचीसुद्धा तीच रीत.

तीन वाजून गेले. वकीलबाईंचा फोन आला. कोर्टाच्या बाहेरच्या बाकावर धैर्यशील त्यांच्या शेजारी बसला होता, थोडं बोलू देतात म्हणाल्या. उज्वलानं त्याला इथलं सगळं सांगितलं, कडं, हात, सगळं. मग फोन मोठ्या आवाजात लावून माझ्यापुढं ठेवला.

"आई."

"जेवलास का?"

"आई, वेळ नाही. मला शिव्या घाल."

"कशाला घालू? तू काय केलंस?"

"काही पण. लहानपणी घालायचीस तशा."

मी म्हटलं, "मुडद्या." पाळण्याची दोरी ओढताना म्हणावं तसं निघालं ते. परत म्हटलं, "मेल्या, करंट्या." मॅडमनी मान हलवली. तिकडनं त्याच्या श्वासाचा आवाज येत होता. मागं कोणीतरी जर्मन भाषेत काही पुकारत होतं.

मग तो वेगळ्याच आवाजात म्हणाला, "आई, तुला एक सांगायचंय. मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"सोनं चोरीचं होतं ते. त्यानं आधीच सांगितलं होतं. निम्मं मला देतो म्हणाला. मी हो म्हटलं."

मी म्हटलं, "काय म्हणालास?"

"कोण बघतंय म्हटलं. दादांसारखं इमानदारीत राहून काय मिळालं त्यांना? फुफ्फुसात तेजाब."

आणि मग उठलं. पायापासनं उठलं. मालकांच्या, म्हणजे त्याच्या दादांच्या, भट्टीवर एकदा चोरीचा हार आला होता. त्यांनी तो तिथल्या तिथं परत केला, चोरानं त्यांचा हात मोडला, पण त्यांनी तो हार मुशीत घातला नाही. तो मोडका हात वाकडाच राहिला जन्मभर, आणि त्याच हातानं त्यांनी या पोराला अक्षरं गिरवायला शिकवली. मी काय बोलतेय ते मला ऐकू येत होतं, पण थांबवता येत नव्हतं.

"मुशीत घातलं की सोन्याचं नाव जातं रे, बापाचं जात नाही. बरं झालं तो आधी गेला. माझ्या पोटी दगड आला असता तर पायरीला तरी लागला असता. मी मेले तर तोंडात पाणी घालायला येऊ नकोस. या उंबऱ्याला तुझा पाय लागला तर उंबरा उपटून चुलीत घालीन."

टिंग.

"गेले," मॅडम म्हणाल्या. "गेले, आक्का. पोचलेसुद्धा."

माझं वाक्य अजून संपलं नव्हतं. तिकडं वकीलबाईंच्या फोनवर पावती वाजली ती मला इकडं ऐकू आली. दबाव नाही. मनःस्थिती नेहमीची. स्वखुशीने. मी म्हटलं, "धैर्या." फोन बंद झाला होता.

तो सुटला. साडेतीनला थोडा वेळ होता. उज्वला माझ्या पाया पडली आणि मी तिला उठवायचं विसरले.

आठ आठवड्यांची मुभा असल्यामुळं कडं दर आठवड्याला मला विचारायचं. तोंडी विचारतं आणि तोंडीच उत्तर घेतं. दिलेली रक्कम परत घ्यायची का? मी खेकसून सांगायचे, नाही. धैर्यशीलचे फोन उज्वलाला यायचे. आई कशी आहे, तो विचारायचा. ती मला सांगायची, बऱ्या आहेत म्हटलं मी. बस. मी फोन मागितला नाही. चोरीचं सोनं आटवणाऱ्याशी काय बोलायचं?

मग दसऱ्याच्या आधी तो पळालेला माणूस सापडला. त्यानं सगळं कबूल केलं, आणि हेही सांगितलं की भट्टीवाल्याला यातलं काहीही माहीत नव्हतं, तो साधा माणूस आहे, कागद मागत नाही म्हणूनच तर त्याच्याकडं गेलो. वकीलबाईंनी कळवलं, खटला मिटला. आणि जाता जाता लिहिलं, तुमचा मुलगा पहिल्या दिवसापासनं हेच सांगत होता.

जामिनाची रक्कम माझ्या खात्यात परत आली. येणाऱ्या पैशाला कडं काही विचारत नाही. घेणाऱ्याची खुशी कोणी बघत नाही.

त्या संध्याकाळी मीच फोन लावला.

"तू माझ्याशी खोटं बोललास."

"हो, आई. दुसरं काय करणार होतो?"

"मग झालं तर. मीही रागात बोलले."

तो म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता, पाऊसपाणी सांगावं तसं म्हणाला, "मी खोटं बोललो, आई. पण तू खरं बोललीस. पावती आहे माझ्याकडं."

"त्या कड्याला काय कळतंय?"

"कड्यालाच कळतं. सगळं तपासूनच हिरवं झालं ना? टंच निघाला की वाद नको, तूच शिकवलंयस."

"तुझ्या भल्यासाठीच..."

"माहीत आहे. मी काही म्हणत नाही. उंबऱ्याचं तेवढं लक्षात ठेवलंय."

चार पिढ्यांनी जी गोष्ट शिकवली तिच्यापुढं मी काय बोलणार? मला माझ्या पोराला सांगायचं होतं की ते माझं खरं नव्हतं. पण ते खोटं होतं असं म्हणायला माझ्याकडं साक्षीदार नव्हता, आणि खरं होतं म्हणणारा मनगटात बसला होता.

मी ठरवलं, तिकिटाचे पैसे पाठवते. त्याला त्याची गरज नाही, कमावता आहे. पण आईनं धाडलेलं तिकीट म्हणजे काय ते आमच्यात लहान पोरालाही कळतं. मालक मला माहेराहून आणायला यायचे नाहीत, तिकीट पाठवायचे. ते आलं की समजायचं, बोलावणं आहे. पाटणकर मॅडमकडं गेले. मनात एकही वाईट शब्द नव्हता. हळूच म्हटलं, "द्या."

लाल.

तिकीट पाठवायचं तर परत त्याला शिव्या द्यायला हव्या होत्या. कोणत्या तोंडानं देऊ? आणि दिल्या असत्या तर पावतीवर परत तेच आलं असतं, स्वखुशीनं. मी उठले आणि घरी आले.

उज्वलाचा व्हिसा पौषात आला. ह्या खेपेला मी आजारी पडले नाही. तिच्या पेटीत चटणी भरली, मेतकूट भरलं, आमटीचा मसाला भरला. ती म्हणाली, "आत्याबाई, तुम्ही पण चला." मी म्हटलं, बोलावलंय का मला? ती खाली बघायला लागली. गाडी वळेपर्यंत मी उंबऱ्यावर उभी होते. उंबरा जागच्या जागी आहे. सागवानी आहे, कोणाच्यानं उपटणार नाही.

एकटीच्या घरात माणूस कोणाला बोलेल? भांडी घासणारी रखमा बहिरी आहे. दिवसातनं चार शब्द व्हायचे, ते पण देवापुढं. फाल्गुनात एक दिवस कडं थरथरलं आणि म्हणालं, तुमची नेहमीची स्थिती गेल्या काही महिन्यांत बदलली आहे. नवी स्थिती पाया म्हणून कायम करायची का?

मी बरेच दिवस त्याला नंतर, नंतर म्हणत राहिले. हो म्हणायचं म्हणजे ती आधीची बाई मेली असं लिहून द्यायचं. आई होती तिला, सासू होती, गाव तिला वचकून होतं. पण हो म्हटल्याशिवाय तिकीट जाणार नव्हतं. शेवटी म्हटलं, हो.

तिकिटाचे पैसे त्याच दिवशी गेले. हळू बोलले, हात गारच होता, हिरवं झालं. दबाव नाही. मनःस्थिती नेहमीची. स्वखुशीने. ती पावती त्याच्याकडं पोचली. आता त्याच्याकडं दोन आहेत, आणि दोन्ही खऱ्या.

परवा यात्रा झाली. बाकीचे गलाईवाले आले होते, चुलतघरी उतरले. माझ्याकडं मंडप छोटाच घातला होता, तरी सर्जेराव पैशाला आले. मंडपाला भोकं होतीच, गेल्या सालापेक्षा मोठी. मी बघत होते. जिभेवर आलं होतं. हात तापू लागला तसा मी दुसऱ्या हातानं दाबून धरला आणि म्हटलं, "किती झाले?"

पहिल्या झटक्याला हिरवं झालं. सर्जेराव फोन खिशात घालेनात. "आक्का," ते म्हणाले, "बरं हाय न्हवं? बोला की कायतरी. मंडप फाटकाय माझा."

"चालायचंच," मी म्हटलं.

ते घुटमळले, आणि निघून गेले.

तिकिटाचे पैसे त्याच्या खात्यात पडून आहेत. त्यानं परत पाठवले नाहीत आणि तो आलाही नाही. उज्वला फोनवर म्हणते, बघू म्हणतात. आठ आठवडे अजून संपायचे आहेत. दर सोमवारी कडं मला विचारतं, दिलेली रक्कम परत घ्यायची का? मी नाही म्हणते. हळू म्हणते. जोरात म्हटलेलं ते आता धरत नाही.